जानेवारीत कणकुंबीचं रान आणि गोकाकचा कोरडा पट्टा: तीन दिवसांची पक्षी-सहल कशी आखावी?

टिळकवाडी_पाखरू

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार आम्ही सहा जण बेळगावहून निघतोय. बेत असा आहे: दीड दिवस जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचं ओलं रान आणि दीड दिवस घटप्रभेवरचं धुपदाळ, गोकाक, गोडचिनमलकी. आमच्याकडे दोन दुर्बिणी आहेत, एक 8×42 आणि एक 10×50. शिवाय 400 मिमी लेन्सचा एक कॅमेरा. पक्ष्यांची नावं बऱ्यापैकी येतात, आवाज मात्र फारसे ओळखता येत नाहीत.

आधी रान करावं की आधी कोरडा भाग? दोन्हीकडे एकच गाईड चालेल का? एकजण फोनवर म्हणाला, "तीन दिवसांत दोनशे जाती दाखवतो, स्पीकर लावला की सगळं बाहेर येतं." हे ऐकून जरा बिचकलोय. यादीत महाधनेश, कर्णा, बेडूकतोंड्या, तिबोटी खंड्या, नवरंग आणि कांड्या करकोचा आहेत. जमेल का?

खानापूरचा_कोतवाल

यादीतला तिबोटी खंड्या आत्ताच खोडा. आपल्याकडे त्याचा खरा हंगाम पावसाळा, जून ते सप्टेंबर. शीळकरी कस्तूरही जानेवारीत जवळपास मुकाच असतो. त्याची ती माणसासारखी शीळ ऐकायची तर पावसात या. बाकीच्यांना जानेवारी बरा आहे. नवरंग हिवाळी पाहुणा आहे, तो पहाटे आणि सांजेला सहाच्या सुमाराला हमखास ओरडतो. बेडूकतोंड्याची वीण याच सुमाराला सुरू होते, म्हणून अंधार पडताना त्याचा आवाज येतो.

आधी रानच करा, आणि ते शुक्रवारी. शनिवार-रविवारी चोर्ल्याच्या रस्त्यावर गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. रस्त्याच्या कडेला उभं राहून काही ऐकू येणार नाही, आणि रानात आधी ऐकायचं असतं, मग बघायचं.

दोन्हीकडचं घड्याळ वेगळं आहे हे गाईड ठरवण्याआधी लक्षात घ्या. कणकुंबी समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे. मलप्रभा उगम पावते ती तिथेच, माउलीच्या देवळापाशी. पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि जानेवारीच्या पहाटे दाट धुकं. सहाला पोचून दीड तास कुडकुडत उभे राहाल, हाताला काही लागणार नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर पडलं की पाखरं हलायला लागतात. साडेसात ते दहा हा खरा वेळ. कोरड्या भागात नेमकं उलटं असतं, त्याबद्दल धुपदाळकाठ सांगतीलच.

रानात चालायचं कमी आणि थांबायचं जास्त. पिकलेला उंबर, वड किंवा नांद्रुक सापडला की तासभर तिथून हलू नका. धनेश, हरियाल, हरेवे, नीलपरी सगळे तिथेच येतात. दुसरी गोष्ट मिश्र थवा. पल्लवपुच्छ कोतवालाचा धातूवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला की बोलणं बंद करा. त्याच्यासोबत निखार, नीलमणी, मखमली शिलींध्री, एखादा सुतार असा पंधरा-वीस पाखरांचा घोळका येतो आणि पाच-दहा मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. नवखी मंडळी कोतवालाच्या शेपटीचे फोटो काढत बसतात आणि मागचे आठ पक्षी हुकतात. फांद्यांवरचे आधी बघा, खोडावरचे नंतर. सुतार आणि शिलींध्री एकाच खोडावर जरा जास्त रेंगाळतात.

कर्णा म्हणजे ट्रोगन. तो मधल्या उंचीवर, दोन-पाच मीटरवर, सावलीत दगडासारखा बसतो. पाठ वळवून बसला तर नराचं लाल पोट दिसतच नाही, नुसतं तपकिरी पान वाटतं. मान वळली की काम झालं.

आता त्या दोनशे जातीवाल्याबद्दल. स्पीकरवर आवाज लावला की नर आपल्या हद्दीत घुसखोर आला असं समजून अंगावर येतो. विणीच्या दिवसांत खाणं आणि घरटं सोडून तो नसलेल्या शत्रूच्या मागे फिरतो. रोज एका गटाने तिथेच हे केलं तर तो ती जागाच सोडतो. म्हणून गाईडला विचारायचं ते असं: आवाज लावता का, कुठे आणि कितीदा? घरट्याजवळ नेता का? एका वेळी किती माणसं घेता? आणि शेवटचा प्रश्न, "गेल्या आठवड्यात कुठला उंबर पिकला होता?" जो पक्ष्यांच्या यादीऐवजी झाडांची नावं सांगतो, तो चांगला. अरुंद पायवाटेवर सहा जणही जास्तच. तीन-तीनच्या दोन तुकड्या करा किंवा दोन गाईड घ्या.

महाधनेशाच्या बाबतीत हट्ट नको. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फट फक्त चोच बाहेर काढण्यापुरती, आणि ती आत असेपर्यंत खाणं आणण्याचं काम नराकडे. माणसं झाडाखाली जमली तर नर चोचीत फळं धरून तासभर लांबच्या फांदीवर बसून राहतो, आत येत नाही. ढोली दाखवतो म्हणणारा गाईड असेल तर नकोच म्हणा. फळझाडावरच बघा.

धुपदाळकाठ

बरोबर. कोरड्या बाजूला सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास, बाकीचा दिवस जेवणाचा आणि झोपेचा. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसहाला माळावर हवं. साडेनऊनंतर जमिनीवरून हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडी स्कोप (तिवईवरची एकनळी दुर्बीण) लावा, चंडोल जेलीतून पाहिल्यासारखा दिसतो. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे चला, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील.

माळावर पायी कमी, गाडीतून जास्त. गाडीला पाखरं फार बिचकत नाहीत, माणसाला बिचकतात. इंजिन बंद, दारं बंद, काच अर्धी खाली, आणि कॅमेऱ्याखाली टेकू म्हणून किलोभर ज्वारी भरलेली कापडी पिशवी. डोंबारी चंडोल, मुरारी, माळ टिटवी, राखी तित्तिर असे पाच-सात मीटरवर दिसतात. गवतावर हलकं, तिरकं, जमिनीला टेकून उडणारा मोठा पक्षी दिसला तर तो भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी. माद्या आणि पिल्लं एकमेकांसारखी असतात, तेव्हा तिथे नाव ठरवायची घाई करू नका, फोटो काढा आणि घरी बघा.

धुपदाळबद्दल. घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 चं, साधारण 29.78 चौरस किलोमीटर, बंधाऱ्यामागचं पाणी आणि बेटं. हिवाळ्यात कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा यांच्यासाठी ते प्रसिद्ध आहे. पण दिसणं न दिसणं पाण्याच्या पातळीवर. वरून हिडकल धरणातून पाणी येतं आणि धुपदाळच्या बंधाऱ्यातून डावा कालवा निघतो. वरून जास्त पाणी आलं की चिखलाच्या पट्ट्या बुडतात, आणि उभं राहायला जागा नसली की करकोचे दुसरीकडे जातात. निघायच्या दोन दिवस आधी गावातल्या मासेमाऱ्याला किंवा गाईडला एवढंच विचारा, "काठावर चिखल उघडा आहे का?" "पक्षी आहेत का" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात.

तिकडे बोलीत कन्नड जास्त चालते. करकोच्याला "कोक्करे" म्हणा, लगेच हात करून दिशा दाखवतील. मात्र बगळ्यांनाही तिकडे कोक्करेच म्हणतात. म्हणून "थवा मोठा आहे का, आकाशात ओरडतात का" हे विचारायचं. कांड्या उडताना ओरडतात, बगळे नाही.

कांड्याचा दिवस असा जातो: पहाटे पाण्यातून उठून हरभऱ्याच्या आणि कापलेल्या ज्वारीच्या रानात, दुपारी पाणी प्यायला आणि आराम करायला काठावर, संध्याकाळी उथळ पाण्यात झोपायला. तुम्हाला दोन वेळा मिळतात, बारा ते दोन किंवा साडेचारनंतर. दुसरी चांगली. शंभर-दीडशे मीटरवर थांबा. थव्यातल्या सगळ्या माना एकदम उभ्या झाल्या आणि खाणं थांबलं की तुमचं अंतर चुकलंय. तिथेच खाली बसा, पुढे पाऊल नको. दोन मिनिटांत माना खाली गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर मागे या. एकाने पंख उघडले की सगळा थवा उठतो, आणि संध्याकाळी उठलेला थवा अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो.

भिंगवाला

उपकरणांचं सांगतो, कारण दुर्बिणीवरच लोक फसतात.

10×50 रानात फारशी कामाची नाही. उजेड दिसण्याचा हिशोब सोपा आहे: भिंगाचा व्यास (दुसरा आकडा, मिमीत) भागिले मोठेपणा (पहिला आकडा, किती पट). 8×42 ला 5.25 मिमी येतं, 10×50 ला 5, म्हणजे उजेड जवळजवळ सारखाच. पण हात हलला की दहापटीत चित्रही दहापटीने हलतं, दिसणारा भाग लहान, आणि वजन जास्त. धुक्यात, झाडीत, मान वर करून पाच मिनिटं धरायची असते, तिथे 8×42 घ्या. 10×50 धुपदाळला काठावर बसून वापरा. तिथे स्कोप असेल तर उत्तम. पण 60 पटीवर नेऊ नका, उन्हात 25 ते 30 पुरे.

गाडीत एसी लावून थंड झालेली दुर्बीण कणकुंबीच्या ओल्या हवेत काढली की भिंगावर वाफ धरते. ती पुसत बसाल तेवढ्यात पाखरू गेलेलं असतं. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली. रात्री दुर्बीण आणि कॅमेरा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. पुड्यांमध्ये रंग बदलणारे दाणे असले तर रंग गेल्यावर नव्या घाला. आत बुरशी एकदा लागली की साफसफाईचा खर्च दुर्बिणीच्या किमतीजवळ जातो.

आणि मर्लिनच्या नादी लागू नका. आवाज ओळखणारं अ‍ॅप चांगलं आहे, पण पल्लवपुच्छ कोतवाल नकलाकार आहे. तो शिक्राचा, सर्पगरुडाचा आवाज काढतो आणि अ‍ॅप निमूटपणे त्यांचीच नावं दाखवतं. डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय ईबर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या अ‍ॅपवर, नोंद टाकू नका. कणकुंबीच्या आत नेटवर्क धड मिळत नाही, म्हणून दोन्ही अ‍ॅपचे पॅक आणि नकाशे बेळगावातच उतरवून घ्या.

टिळकवाडी_पाखरू

फार उपयोगी पडतंय हे. मग असं करतो: शुक्रवारी पहाटे निघून कणकुंबी, रात्री मुक्काम, शनिवारी दहापर्यंत पुन्हा रान, मग गोकाककडे. पुढच्या दोन शंका: भीमगडात आत जायचं का, आणि जळवा-बिळवांचं काय?

खानापूरचा_कोतवाल

बेत बरोबर आहे. बेळगाव ते कणकुंबी 45 किलोमीटरच्या आसपास. साडेपाचला निघा, वाटेत जांबोटीला चहा घेतला तरी धुकं विरताना पोचाल. शनिवारी साडेदहाला निघालात तर बेळगावमार्गे गोकाकपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. जेवून तीनपर्यंत आरामात पोचता. दुपारी दोन्हीकडे पाखरं शांत असतात, तेव्हा प्रवास दुपारीच.

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटरचं. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय जायचं नाही. गवा आणि अस्वल आहेत. गवा नुसता बघत उभा असेल तर ठीक, मान खाली घालून फुरफुरला तर मागे, बाजूला, शांतपणे. पळू नका. परवानगीचं शुक्रवारी सकाळी ऑफिसात जाऊन विचाराल तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. आठवडाभर आधी खानापूरला चौकशी करून ठेवा. नाहीतर बाहेरच्या सार्वजनिक रस्त्याकडेची झाडी दीड दिवसाला पुरून उरते.

जळवा जानेवारीत नावालाच. गोचीड मात्र असते, आणि ती गंमत नव्हे. शेजारच्या सत्तरी, दोडामार्ग भागात माकडतापाच्या नोंदी आहेत. हा ताप गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे. पाचोळ्यात बसू नका, मोकळ्या दगडावर बसा. पँटचं टोक मोज्यात खोचा, फिकट रंगाचे मोजे घाला म्हणजे गोचीड चढताना दिसते. डेपा तेल (गोचीड लांब ठेवणारं) मिळालं तर मोज्यांवर आणि हातांवर लावा. रात्री आंघोळीआधी काखा, कंबर, गुडघ्यामागची बाजू बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी पेटवून चटका देऊ नका, तेल चोळू नका, त्याने ती आतलं रक्त परत सोडते. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वनखात्याला कळवा. परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे पहिल्यांदा सांगा.

बेडूकतोंड्या दिवसा दिसला तर एका वेळी दोघं, दोन-तीन मिनिटं, आणि फ्लॅश नाही. जोडी एकाच फांदीवर कित्येक दिवस बसते. तुम्ही त्रास दिलात तर पुढच्याला दिसत नाही, एवढंच.

धुपदाळकाठ

रविवारी सकाळी धुपदाळला परत नको. गोडचिनमलकीकडे मार्कंडेय नदीच्या खडकाळ घळीजवळ जा. झुडपांत लावा आणि तित्तिर, कड्यांवर खडक पाकोळ्या. निळा कस्तूर दगडावर बसून शेपटी हलवतो, हिवाळ्यातच येतो. त्यानंतर गोकाकचा धबधबा. कडा 52 मीटर, पण जानेवारीत पाणी कमी असतं, तेव्हा धबधब्यासाठी नको, कड्यासाठी जा. खडकाच्या कपारीत शृंगी घुबड असू शकतं, पाय न टाकता फक्त दुर्बिणीतून शोधा. खडकावरच्या पांढऱ्या विष्ठेच्या रेघा आणि खाली उंदरांच्या हाडांच्या गोळ्या दिसल्या तर जागा बरोबर आहे.

ज्वारीची पिशवी विसरू नका. वाळूचीही चालते, पण काळजी घ्या, शिवण उसवली की वाळू कॅमेऱ्यात जाते.