पोरं सगळ्यांनाच असतात म्हणे! (ज्युरी ड्युटी)

दोघींची आई: काल इथे कोणीतरी लिहिलं, "सिटिझनशिपची शपथ घेताना पोरं आडवी आली नाहीत, ज्युरीचं पत्र आलं की बरी आडवी येतात." डोकंच सटकलं, म्हणून सविस्तर लिहितेय. (ज्युरी म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवायला बसवलेली साधी माणसं; अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की कोर्ट त्यासाठी पत्र पाठवून बोलावतं.) मी कॅलिफोर्नियात, थोरली चार वर्षांची, धाकटी चौदा महिन्यांची, नोकरी सोडून घरी बसलेय. पत्र आलं की आठवडाभर रोज संध्याकाळी वेबसाइटवर आपला ग्रुप नंबर बघायचा, उद्या जायचंय की नाही ते तेव्हा कळणार, आणि एका रात्रीत दोन पोरं कोण घेतं हो सांभाळायला? शेवटी एक बाई मिळाली, दिवसाचे 220 डॉलर. कोर्ट पहिल्या दिवसाचा छदाम देत नाही, दुसऱ्यापासून 15 डॉलर. जजने पन्नास माणसांसमोर विचारलं, घरी दुसरं कोणी नाही का? नवरा कंपनीच्या कामाने पुण्यात. पाजायची वेळ टळून गेलेली, टॉप ओला झालेला, मी छातीशी पत्राचं पाकीट धरून उत्तरं देतेय. मिळाली एकदाची पुढची तारीख. आता बोला.

खवट नारळ: ते वाक्य माझंच आणि मी मागे घेत नाही. मी फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात ज्युरीत नऊ दिवस बसलोय, दिवसाला 50 डॉलर. आमच्यात एक एकटी आई होती, रोज वेळेवर यायची. आणि कॅलिफोर्नियात अंगावर पाजणाऱ्या आईला वर्षभर पुढे ढकलता येतं, कोर्टात जायचीसुद्धा गरज नव्हती, आधी कळवायचं फक्त. पत्र नीट वाचलं असतं तर...

दोघींची आई: वाचलं असतं हो, रात्री सलग चार तास झोप मिळाली असती तर. असो, ते माझं चुकलं. बाकीचं नाही चुकलं.

खवट नारळ: मुद्दा वेगळाच आहे. मिसूरी राज्यात बायकांना नुसतं मागितलं की ज्युरीतून सूट मिळायची. 1979 ला सुप्रीम कोर्टाने ते मोडलं आणि त्यासाठी भांडायला उभ्या होत्या वकील रुथ गिन्सबर्ग, ज्या पुढे त्याच कोर्टात जज झाल्या. तुम्ही तीच सूट परत मागताय.

टेक्सासवाली: बाई म्हणून कोण मागतंय? पोर सांभाळणारं माणूस म्हणून मागतोय. आमच्याकडे 12 वर्षांखालचं मूल असेल आणि मागे बघायला कोणी नसेल तर सूट, मग आई असो नाहीतर बाप. माझ्या नवऱ्याने घेतलीय, त्यात कसली लाज.

तळ्यातमळ्यात: एवढा गोंधळ कशाला, सासूबाईंना बोलवायचं ना. आमच्याकडे सहा महिने माझे आईबाबा, मग सहा महिने बायकोचे. पाच वर्षांत डे केअरला एक डॉलर नाही दिला.

नाशिकची आजी: मी तीच सासूबाई. पाच वेळा आलेय. उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाटल्या उकळा, डबे भरा, ह्यांनी स्ट्रॉलर ढकला. गाडी येत नाही, बाहेर बर्फ, खिडकीतून शेजाऱ्याचं कुत्रं बघायचं. मागच्या वेळी ह्यांची बीपीची गोळी संपली तर पोराची मीटिंग संपेपर्यंत थांबलो. तुमचं ते ज्युरीचं पत्र वर्षातून एकदा येत असेल, आम्हाला तिकीटच येतं.

तळ्यातमळ्यात: आजी, प्रेमाने बोलावतो हो. नातवंडं बघायला मिळतात.

टेक्सासवाली: प्रेमाने बोलावता तर एकदा पोरं मोठी झाल्यावर बोलवा ना!! आमच्या बिल्डिंगमधे तर नवऱ्याची आई किचनमधे आणि बायकोची आई ग्रँड कॅनियनला, असं पण चालतं, सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही.

तळ्यातमळ्यात: माझ्या घरात येऊन बघितलंत का? उगाच कायच्या काय.

पेठी: भांडा तुम्ही. मुळात ज्युरी हवी कशाला? 1908 ला टिळकांच्या खटल्यात नऊ जण, सात गोरे म्हणाले दोषी, दोन पारशी म्हणाले निर्दोष, आणि टिळक गेले मंडालेला. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नानावटीला ज्युरीने आठ विरुद्ध एक असं सोडलं, ते हायकोर्टाने फिरवलं. आपल्याकडे बंद केली तेच बरं.

खवट नारळ: अहो, मी तेच तर म्हणतोय! त्या नवात कोण बसले होते त्यावर सगळं ठरलं. पोरंवाली माणसं सुटत गेली तर उरतील रिटायर्ड लोक आणि पगार न कापणाऱ्या कंपनीतले.

दोघींची आई: हे पटतंय, मग बसवा आम्हाला. कोर्टात पाळणाघर काढा, नाहीतर बाईचे 220 डॉलर द्या. मला खटला ऐकायला आवडला असता, खोटं नाही सांगत. एक विचारू? तुम्ही नऊ दिवस बसलात तेव्हा तुमची पोरं कुठे होती?

खवट नारळ: बायकोकडे.

टेक्सासवाली: 🙏

खवट नारळ: ठीक आहे. 15 डॉलर ही भीक आहे, एवढं मान्य. ते वाक्य जरा जास्त झालं असेल. झालं समाधान?

दोघींची आई: समाधान कसलं, नवी तारीख धाकटीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आठवड्यात आलीय. आजी, येता का?

नाशिकची आजी: तिकीट काढ. केक खाईन, बाटल्या उकळणार नाही. आणि ग्रँड कॅनियन दाखवायचं.