मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीतील मॅरेथॉनचा सराव ट्रेडमिलवर कितपत करावा?

नमस्कार मंडळी,

वसंताच्या सुरुवातीला होणाऱ्या मॅरेथॉनसाठी माझा सराव चालू आहे. अर्धमॅरेथॉन यापूर्वी धावले आहे, ४२.१९५ किलोमीटर मात्र प्रथमच. अडचण अशी की, वेळापत्रकातील सर्वांत मोठे लाँग रन, म्हणजे २८ ते ३२ किलोमीटरचे, नेमके ऐन थंडीच्या आठवड्यांत येत आहेत. पहाटे रस्त्यावर बर्फाचा इतका पातळ थर असतो की दिव्याच्या उजेडातही तो दिसत नाही आणि कामावरून सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो.

कपड्यांचे गणित जमले आहे. सुती कापड घाम धरून ठेवते म्हणून ते वर्ज्य केले आहे, आणि हवा आहे त्यापेक्षा सुमारे १० अंशांनी उबदार आहे असे समजून कपडे घालण्याचा धावपटूंचा ठोकताळा मला लागू पडतो. पहिली काही मिनिटे कुडकुडायला होते, ते चालायचेच.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे : लाँग रन ट्रेडमिलवर केले, तर शर्यतीच्या दिवशी पाय रस्त्याला टिकतील का? दुसरे म्हणजे, थंडीत वेगाचे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू, असे आलटून पालटून धावणे) केल्यावर मला बराच वेळ कोरडा खोकला येतो. तो अंगावर काढावा का? आणि संपूर्ण हिवाळा गारठ्यात धावल्यानंतर शर्यतीचा दिवस उबदार निघाला, तर त्याची तयारी आधीपासून कशी करावी?

प्रतिसाद

माझ्या मते आपण अदलाबदल करावी : इंटरव्हल ट्रेडमिलवर न्यावेत आणि लाँग रन रस्त्यावर ठेवावेत. वेगात धावताना श्वासाचे प्रमाण कितीतरी वाढते, थंड हवेत बाष्प अत्यल्प असल्याने श्वासनलिका कोरड्या पडून आकुंचन पावतात, आणि बहुधा त्यामुळेच खोकला येत असावा. रस्त्यावर वेगात धावायचेच असेल, तर घरातच १०-१५ मिनिटे वॉर्मअप करून निघावे आणि नाकातोंडावर पातळ कापडी पट्टी ठेवावी, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार व ओलसर होते. छातीत घरघर किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, तर मात्र अंदाज बांधत न बसता डॉक्टरांकडून श्वसनाची तपासणी करून घ्यावी.

लाँग रन सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवावा, कारण तोवर रस्ता बहुतेक मोकळा होतो. जाताना वारा समोरून आणि परतताना पाठीवर येईल असा मार्ग निवडावा. घामाने भिजलेल्या अंगावर शेवटच्या तासात समोरचा वारा घेणे फार महागात पडते. थंडीत तहान कमी लागते, घाम मात्र येतच असतो, त्यामुळे पाणी आणि ऊर्जा देणारे जेल शर्यतीत घेणार त्याच अंतराने घ्यावे. रस्ता खरोखरच निसरडा असेल, तर तेवढा एक लाँग रन निःशंकपणे ट्रेडमिलवर करावा.

प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. उन्हाच्या तयारीसाठीही ट्रेडमिल उपयोगी पडते. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ टेपरचाच (शर्यतीआधी सराव कमी करत नेण्याचा) काळ. एरवी ट्रेडमिलसमोर पंखा हवाच, पण त्या दोन आठवड्यांतील काही संथ, छोट्या धावा उबदार खोलीत पंख्याशिवाय कराव्यात; चक्कर किंवा मळमळ जाणवल्यास लगेच थांबावे. एवढे करूनही दिवस तापलेला निघाला, तर पेस (धावण्याची गती) पहिल्या किलोमीटरपासूनच कमी ठेवावा, कारण गेलेला वेळ पुढे भरून काढण्याचा बेत तिसाव्या किलोमीटरनंतर सहसा कोसळतो.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही : शर्यतीचा मार्ग सपाट आहे की चढउतारांचा? उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो, आणि बहुतेक ट्रेडमिलवर उतार देता येत नाही. मार्गात मोठे उतार असतील, तर रस्त्यावरचे लाँग रन कोणते ठेवायचे आणि कोणते आत न्यायचे, हे त्यावरून ठरवावे लागेल.