६८४ म्हणजे नक्की किती प्रश्न बरोबर?

रात्रपाळी:
काल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची परीक्षा दिली. ६८४ आले, पासिंग ७००. माझ्या हिशोबाने ५२ पैकी ३८ प्रश्नांची पक्की खात्री होती. म्हणजे ७३ टक्के! मग ६८४ कसे? पेपर पुन्हा तपासायला सांगू का? तीन महिने ड्युटी सांभाळून अभ्यास केलाय, फार जिवाला लागलंय.

जुना_अ‍ॅडमिन:
लागणारच हो. पण आधी ती टक्केवारी डोक्यातून काढा. ६८४ हा स्केल्ड स्कोअर आहे, म्हणजे पेपर किती अवघड होता ते बघून एका ठरलेल्या मापावर बसवलेला आकडा.

प्रत्येकाला प्रश्नांचा वेगळा संच येतो, एखादा सोपा, एखादा अवघड. म्हणून तज्ज्ञ एकेक प्रश्न घेऊन बसतात: हे काम ज्यांना जेमतेम जमतं अशा शंभर जणांपैकी किती जण हा बरोबर सोडवतील? त्या अंदाजांच्या सरासरीवरून पासिंगची रेषा ठरते. हिला अ‍ॅनगॉफ पद्धत म्हणतात. समजा, सोप्या संचात ३६ बरोबर लागतात आणि अवघड संचात ३२, तरी रिपोर्टवर दोघांनाही ७००च दिसतात. ७०० म्हणजे ७० टक्के नव्हे, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेत तर गुण १०० ते ९०० या मापावर देतात आणि पासिंग ७५०.

शिवाय सगळे प्रश्न धरतातच असं नाही. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेला ६५ पैकी १५ प्रश्न मोजतच नाहीत, आणि ते कुठले हे आपल्याला कळत नाही.

माझंच सांगतो. पहिल्या खेपेला ६७१ वर अडकलो. रिपोर्टमध्ये प्रत्येक भाग किती जमला ते पट्ट्यांनी दाखवतात, त्यात मॉनिटरिंगची (देखरेखीची) पट्टी सगळ्यात आखूड, म्हणून पंधरा दिवस तेवढंच घोटलं. पुन्हा नापास! त्या भागाला वजनच, म्हणजे परीक्षेतला वाटाच, १०-१५ टक्के होतं. कॉम्प्युटला (व्हर्च्युअल मशीन वगैरे चालवण्याचा भाग) २०-२५ टक्के, आणि ती पट्टी निम्म्यावर असूनही मी तिकडे फिरकलो नव्हतो. तिसऱ्यांदा आधी कॉम्प्युट हातात घेतलं, तेव्हा सुटलो. तुमच्या पट्ट्यांशेजारी प्रत्येक भागाचं वजन लिहून बघा.

यॅमलवाला:
कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) याच्या सीकेए या अ‍ॅडमिन परीक्षेला मात्र सरळ ६६ टक्के लागतात. दोन तास टर्मिनलवर काम करायचं, अर्धवट कामालाही काही मार्क मिळतात. माझं एक काम चुकीच्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या वेगळ्या कप्प्यात) गेलं, ते शेवटच्या दहा मिनिटांत लक्षात आलं.

रात्रपाळी:
दादा, वजनं लिहून पाहिली. वजन धरलं तर माझं नेटवर्किंग मागे आहे, मॉनिटरिंग नाही. आणखी एक, वेळ संपत आली तेव्हा चार प्रश्न कोरे सोडले. चुकलं तर मार्क कापतील अशी भीती वाटली.

जुना_अ‍ॅडमिन:
अरेरे! मायक्रोसॉफ्ट काय, एडब्ल्यूएस काय, निगेटिव्ह मार्किंग दोन्हीकडे नाही. कोरा प्रश्न चूकच धरतात. शेवटच्या मिनिटाला का होईना, उत्तर ठोकायचंच. री-चेकिंगचं सोडा, नेटवर्किंगला लागा. सबनेटपासून (नेटवर्कचे छोटे तुकडे) सुरुवात करा, अडलात की इथेच विचारा.