पैसा काढून घेतल्यावर बॅटमॅनमध्ये उरते काय?

घोडबंदरकर

परवा 'ऐरोलीचा खाडीकाठ' यांनी 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन' या नव्या कॉमिक मालिकेचा पहिला अंक वाचून येथे, या ऑनलाइन मंचावर, जे लिहिले, त्याचा आशय असा होता : आजवरचा बॅटमॅन हा बापाच्या इस्टेटीवर छपरांवरून उड्या मारणारा धनिकपुत्र होता, आणि लेखक स्कॉट स्नायडर व चित्रकार निक ड्रागोटा यांनी 2024 च्या ऑक्टोबरात त्याचा पैसा आणि वाडा काढून घेतला, तेव्हा कुठे 85 वर्षांनी खरा बॅटमॅन जन्माला आला. दोन दिवस मी गप्प राहण्याचा प्रयत्न केला. पण कापूरबावडीच्या कोंडीत पाऊण तास अडकलेल्या माणसाला विचार करण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो, आणि या विषयावर विचार केला की माझा राग वाढतो.

बॅटमॅन प्रथम अवतरला तो मे 1939 मधला 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा 27 वा अंक आठवा. त्यात ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, हा पोलिस कमिशनर गॉर्डनच्या घरी पाइप ओढत बसलेला, वरकरणी कंटाळलेला श्रीमंत तरुण आहे. त्याच्या आईवडिलांचा खून आपल्याला कळतो तो सहा अंकांनंतर, नोव्हेंबरातल्या 33 व्या अंकात. म्हणजे बॅटमॅनचे जनक बॉब केन आणि बिल फिंगर यांना नायकाचे दुःख सुचण्याआधी त्याची श्रीमंती सुचली होती. ज्याला रात्री मऊ गादीवर झोपणे सहज शक्य आहे, तो माणूस उठून पावसात जातो, यात गोष्ट आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही, तो चिडून बाहेर पडला तर त्यात आश्चर्य कसले? तशी माणसे आमच्या बसथांब्यावर रोज सकाळी उभी असतात.

अशा करामती याआधीही झाल्या आहेत. 2004 साली स्पायडरमॅनला धोतर नेसवून मुंबईत आणले, पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला आणि चार अंकांत आटोपले. कपडे बदलून नायक बदलत नाही आणि बँकेतली शिल्लक बदलून तर मुळीच बदलत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोलीचा खाडीकाठ

आपण इतके अंक क्रमांकासह तोंडपाठ सांगता, म्हणून आदराने विचारतो : त्याच सुरुवातीच्या गोष्टींत बॅटमॅनच्या हातात पिस्तूलही होते, ते आपण का विसरलात? पुढे ते काढून टाकले, आणि आज 'बॅटमॅन पिस्तूल वापरत नाही' हे त्याच्या स्वभावाचे पहिले कलम मानले जाते. पिस्तूल गेल्यावर तो टिकत असेल, तर तिजोरी गेल्यावर का टिकू नये? बरे, 2020 साली त्याचा शत्रू जोकर याच्याशी झालेल्या त्या लांबलचक युद्धात त्याची संपत्ती मुख्य मालिकेतही गेलीच होती की. तेव्हा कोणी एवढा गहजब केल्याचे मला आठवत नाही.

मी हा अंक ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने वाचला. रबाळे गेले, घणसोली गेली, माझे लक्ष नव्हते. छातीवरचे ते अवजड, चौकोनी वटवाघूळ तो उपसून काढतो आणि त्याची कुऱ्हाड करतो, त्या पानावर मी एवढ्या जोरात 'अरे' म्हणालो की शेजारच्या काकांनी मोबाइलमधून मान वर करून पाहिले. चिन्हाचे हत्यार करणे ही कल्पना ज्याला क्षुल्लक वाटते, त्याने जुन्या अंकांच्या प्लास्टिकच्या पिशव्या मोजत बसावे.

वाशीचा म्हातारा वेताळ

मुलांनो, मी इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर वाढलेला माणूस आहे. 1964 साली ती माला सुरू झाली तीच मुळी वेताळापासून, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमपासून. त्याच्या कवटीच्या आकाराच्या गुहेत हिरेमाणकांनी भरलेले दालन होते, आणि आम्ही कधीही विचारले नाही की या माणसाचा घरखर्च कसा चालतो. श्रीमंत नायक हा काही अमेरिकेतल्या भांडवलदारांनी आपल्या गळ्यात मारलेला माल नव्हे. आपल्या राजपुत्रांच्या गोष्टी त्याहून जुन्या आहेत. मात्र माझे ते सगळे अंक आईने 1983 च्या दिवाळीत रद्दीवाल्याला तराजूवर घातले, त्याचे दुःख मला या वादापेक्षा मोठे वाटते.

बेलापूरचा साइट इंजिनियर

दोन्ही बाजूंचे वाचून आश्चर्य वाटले, कारण अंकातली खरी गोष्ट कोणीच उचलली नाही. हा ब्रूस शहराच्या बांधकामांवर काम करणारा अभियंता आहे. मी स्वतः स्थापत्य अभियंता आहे आणि आयुष्यात प्रथमच एका सुपरहिरोकडे पाहून मला वाटले की याच्याशी मी चहा पिताना बोलू शकेन.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून येथे धारण तलाव केले आहेत : भरती आली की खाडीच्या तोंडाची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडप उघडून ते वाहून जाते. हे कागदावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात जूनच्या पहिल्या आठवड्यात गमबूट घालून मांडीभर गाळात उतरावे लागते, बिजागरीत अडकलेली नारळाची करवंटी, निर्माल्याची पिशवी आणि कोणाची तरी एक चप्पल हाताने काढावी लागते, कारण बोटभर फट राहिली तरी समुद्र उलटा आत येतो. कोणती झडप नीट बसत नाही, हे तिथे उतरलेल्या माणसाला ठाऊक असते, आणि ते कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

श्रीमंत बॅटमॅन शहराचा नकाशा विकत घेतो. या बॅटमॅनला शहर हाताने माहीत आहे. घोडबंदरकर, आपण म्हणता की त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही. जे आपण स्वतः बांधले आणि दुरुस्त केले, ते डोळ्यांदेखत कोणी उद्ध्वस्त करीत असेल, तर ते गमावणे नव्हे काय?

वागळेची जुनी इमारत

इंजिनियरसाहेबांनी बांधकामाचा विषय काढलाच आहे, म्हणून मनातले बोलतो. मला श्रीमंत बॅटमॅन कधीच आवडला नाही, आणि त्याचे कारण साहित्यिक नाही. बॅटमॅनच्या गोथम शहरातली अर्धी जमीन आणि इमारती ज्याच्या कंपनीच्या आहेत, त्या माणसाला आपल्या ठाण्यात बिल्डर म्हणतात.

आमची इमारत सात वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी पाडली. 22 महिने भाडे आले, मग थांबले. आईने तुळशीची कुंडी चार भाड्याच्या घरांतून फिरवली. चौथ्या घराला गॅलरीच नव्हती, तेव्हा ती जिन्यात ठेवली आणि कोणीतरी तिच्यात सिगारेटी विझवू लागले. बिल्डरच्या कार्यालयातला मुलगा प्रत्येक वेळी पाणी विचारतो, पंखा लावतो आणि 'साहेब साइटवर आहेत' असे सांगतो. साइटवर तर मी रोज जातो. तिथे फक्त रानटी एरंड वाढला आहे.

जानेवारी 1939 च्या 'अॅक्शन कॉमिक्स'मध्ये, म्हणजे 8 व्या अंकात, सुपरमॅन एक झोपडवस्ती स्वतःच्या हातांनी पाडतो. मुले गुन्हेगार होतात ती या खुराड्यांमुळे, असे त्याच्या लक्षात येते. तो रहिवाशांना बाहेर पडायला सांगतो, तोडफोड सुरू करतो, त्याला रोखायला आलेल्या विमानांचे बॉम्बही त्याच वस्तीवर पडतील अशी व्यवस्था करतो, आणि शेवटी सरकारला तिथे नवी घरे बांधावीच लागतात. सुपरमॅनचे जनक जेरी सीगेल आणि जो शुस्टर हे त्या काळी स्वतः पैशांच्या ओढाताणीत होते, सुपरमॅनचे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. म्हणून त्यांचा नायक अशा भानगडीत पडला. बॅटमॅनच्या कोणा श्रीमंत अवताराला हे सुचले असते काय?

घोडबंदरकर

आपल्याबद्दल सहानुभूती आहे, पण ठाण्यात कोणताही विषय काढला तरी तिसऱ्या प्रतिसादात पुनर्विकास कसा येतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे. उद्या मी पोहे कसे करावेत असे विचारले, तरी कोणीतरी वाढीव चटईक्षेत्र सांगेल. ब्रूस वेन आपल्या वाट्याच्या संपत्तीतून अनाथाश्रम आणि दवाखाने चालवतो, हे दशकानुदशके दाखवलेले आहे. आपल्या बिल्डरचा राग त्याच्यावर काढणे हा अन्याय आहे.

नौपाड्याची वाचक

मला मात्र या पोटविषयावर बोलायचे आहे. आमची सोसायटीही पुनर्विकासाला गेली आणि 40 महिन्यांत, भोगवटा प्रमाणपत्रासह, आम्ही नव्या घरात राहायला आलो. कारण आमच्या कमिटीने करारनामा वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतला, बँक हमी मागितली आणि ती मिळेपर्यंत एकाही सभासदाने घर रिकामे केले नाही. सगळे बिल्डर खलनायक आणि सगळे रहिवासी निरागस, हे चित्र पहिल्या पानावरच्या चिन्हावरून खलनायक ओळखू येणाऱ्या स्वस्त कॉमिकमध्ये शोभते. काही सोसायट्या पहिल्या हप्त्याचा आकडा पाहून सही करतात आणि मग कोणी केप घालून येईल म्हणून वाट पाहत बसतात.

वागळेची जुनी इमारत

ताई, आमच्या इमारतीत 31 कुटुंबे होती. त्यांतली निम्मी कारखाने बंद झाल्यावर रिक्षा चालवणाऱ्यांची आणि डबे करणाऱ्यांची. पावसाळ्यात जिन्याचा स्लॅब कोसळला, इमारत धोकादायक ठरवल्याची नोटीस लागली आणि आठ दिवसांत सामान हलवावे लागले. बँक हमी मागायला आपल्यापाशी राहण्याजोगे घर आणि दम धरायला वेळ लागतो. आपल्याकडे दोन्ही होते. आपण ज्याला शहाणपण म्हणता आहात, तो तुमच्या बाजूचा वाडा आणि बटलर आहे.

नौपाड्याची वाचक

धोकादायक इमारतीची नोटीस होती, हे आपण आधी लिहिले नव्हते. तसे असेल, तर सहीबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेते. स्वस्त कॉमिकबद्दलचे घेत नाही.

कोपरखैरणेचा रात्रपाळीवाला

एवढा वाद झाला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, की या अंकात त्याची आई जिवंत आहे. बाप शाळाशिक्षक होता, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेला. आई मार्था मात्र आहे. माझ्या दृष्टीने पैशापेक्षा हा बदल मोठा आहे.

माझे वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर मी कोठेही गेलो, तरी घरी परतेपर्यंत आई झोपत नसे, आजही झोपत नाही. कंपनीची बस मला पहाटे साडेचारला सोडते. लॅचची चावी माझ्या खिशात असते, पण ती फिरवण्याआधीच आतून कडी निघते. ती काही विचारत नाही, फक्त हाताकडे आणि चेहऱ्याकडे एकदा पाहते. जुन्या बॅटमॅनला त्याचा बटलर आल्फ्रेड मलमपट्टी करतो, थोडे टोचून बोलतो आणि संपते. या बॅटमॅनला फुटलेली भुवई घेऊन आईसमोर उभे राहावे लागणार आहे. गमावण्यासारखे काय आहे, असे घोडबंदरकरांनी विचारले होते. ते दाराच्या आत उभे आहे.

घोडबंदरकर

आईचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो मला सुचला नाही याचा त्रासही होतो आहे. 33 व्या अंकातल्या त्या गल्लीत दोन प्रेते पडली म्हणूनच बॅटमॅन घडला, असे मी इतकी वर्षे मानत आलो, की एक जण वाचले तर गोष्ट हलकी होईल असेच गृहीत धरले होते. ती अवघड होते, हे दिसते आहे. श्रीमंतीबद्दलचे माझे मत मात्र तसूभरही बदललेले नाही, आणि दुसरा अंक मी मागवला आहे तो केवळ त्यातल्या चुका काढण्यासाठी, याची खाडीकाठ यांनी नोंद घ्यावी.

ऐरोलीचा खाडीकाठ

नोंद घेतली. चुका काढून झाल्यावर अंक वाचायला द्यावा, मी अजून मागवलेला नाही.

वागळेची जुनी इमारत

मी सुपरमॅनचा तो 8 वा अंक काल रात्री पुन्हा वाचला. पाडापाडीला पानेच्या पाने दिली आहेत, नव्या इमारती मात्र झटकन उभ्या राहतात. मधल्या काळात त्या लोकांचे भाडे कोणी भरले, याबद्दल अवाक्षर नाही.