रडारवर डोक्यावर केशरी पट्टा, बाहेर मात्र कोरडं! चित्र वाचायचं कसं?

मंडळी, जरा मदत हवी आहे. पावसाच्या रडारचं चित्र बघूनच बाहेर पडायची सवय लागलीय, पण या आठवड्यात दोनदा फजिती झाली. एकदा चित्रात नेमका आमच्यावर केशरी पट्टा होता. तासभर खोळंबून राहिलो, थेंब नाही. दुसऱ्यांदा चित्र कोरं होतं आणि मी भुरभुरीत भिजून घरी!

रंग म्हणजे मिलिमीटर नव्हेत, परत आलेल्या लहरींची ताकद, डीबीझेडमध्ये, इतपत कळलंय. ४० डीबीझेड म्हणजे तासाला साधारण १२ मिमी, असं वाचलं. मग ५० म्हणजे थोडाच जास्त ना? रडार आमच्यापासून १५० किमीवर आहे, त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद

बिघडतं, आणि बरंच. सर्वांत खालचा झोतसुद्धा बहुधा अर्धा अंश वर रोखलेला असतो, त्यात पृथ्वीचा बाक. १५० किमीवर तो अडीच किमीपेक्षा उंच गेलेला असतो. तुमची भुरभुर त्याच्या खालच्या ढगातून पडली असणार, रडारला ती दिसलीच नाही. केशरी पट्ट्याचं उलट: वर थेंब होते, पण खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटले असावेत.

५० मात्र ‘थोडाच’ नाही हं. दर १० डीबीझेडला परतणारी ऊर्जा दहापट होते, पावसाचा जोर नेहमीच्या सूत्राने सुमारे चौपट. तेही अंदाजानेच, कारण २ मिमीचा एक थेंब १ मिमीच्या ६४ थेंबांइतका चमकतो. मोजके टपोरे थेंब असले तरी रंग भडक. गारा असतील तर विचारूच नका.

एकच चित्र कधी बघू नका, मागची पाच-सहा ओळीने बघा. पाऊस सरकतो, एकाच जागी चिकटलेला ठिपका बहुतेक डोंगराचा असतो. आणि मुसळधार पट्ट्याच्या पलीकडे कोरं दिसलं तर लगेच हुरळू नका, लहरी त्या पावसातच क्षीण झालेल्या असू शकतात.

तुम्ही नक्की कुठलं चित्र बघता? कोपऱ्यात काय लिहिलंय?

धागाकर्ता

‘मॅक्स झेड’.

प्रतिसाद

मग झालं! त्यात प्रत्येक जागेवर कुठल्याही उंचीवरचा सर्वांत मोठा आकडा दाखवतात. आठ किमीवरचा ढगसुद्धा तुम्हाला दारातला पाऊस वाटणार. सर्वांत खालच्या कोनाचं ‘पीपीआय’ चित्र मिळतं का बघा. भुरभुर मात्र त्यातही निसटेल, तेव्हा छत्री असू द्या.