मदत हवी आहे : १९०७ साली लंडनच्या असायलममध्ये (वेड्यांच्या इस्पितळात) भरती झालेल्या बाईचे कागद कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडात राहणारे आणि जुन्या दफ्तरांत रमणारे काही जण आहेत, म्हणून विचारते. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या सासरची माणसं मूळची लंडनची. सासूबाईंची आजी, म्हणजे त्यांच्या वडिलांची आई, १९०७ मध्ये बाळंतपणात गेली, असं घरात सगळे सांगत आले. वंशावळीसाठी मी तिच्या मृत्यूची नोंद शोधायला घेतली, तर त्या साली काहीच मिळेना. १९११ च्या जनगणनेचा फॉर्म मात्र मिळाला. तो कुटुंबप्रमुखानेच भरायचा असे, त्यामुळे अक्षर बहुधा तिच्या नवऱ्याचं, म्हणजे सासूबाईंच्या आजोबांचं. त्यात स्वतःपुढे त्यांनी 'विधुर' असं ठळक लिहिलंय.

मृत्यूची नोंद शेवटी सापडली ती १९३१ ची! ठिकाण कोल्नी हॅच (लंडनचं असायलम), कारण क्षय. नवऱ्याचं नाव, त्याचं गवंडीकाम, तिचं वय, सगळं जुळतंय. मग नॅशनल आर्काइव्ह्जची एमएच ९४ ही रजिस्टरं पाहिली. १८४६ ते १९१२ मधल्या असायलमांतल्या भरतीच्या नोंदी त्यांत आहेत. त्यात ती आहे, बाळ तीन महिन्यांचं असतानाची. म्हणजे ती खरोखर गेली तेव्हा सासूबाईंचे वडील चोवीस वर्षांचे होते, आणि आपल्या जन्मापायी आई गेली असंच ते शेवटपर्यंत मानत होते.

(आजोबांना लगेच शिव्या घालू नका. वेड हे घटस्फोटाचं कारण म्हणून १९३७ च्या कायद्याने मान्य झालं, त्यामुळे ती जिवंत असेतोवर त्यांना दुसरं लग्न करायचीही सोय नव्हती. माझा राग येतो-जातो आहे.)

एमएच ९४ मध्ये नाव, असायलम आणि तारखा, एवढंच मिळतं. मला हवा आहे तो भरतीच्या वेळचा डॉक्टरी दाखला. १८९० च्या लूनसी अ‍ॅक्टनुसार (वेडाविषयीचा कायदा) गरीब रुग्णासाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि एका डॉक्टरचा दाखला लागे. त्या दाखल्याचे दोन भाग : डॉक्टरने स्वतः काय पाहिलं, आणि इतरांनी त्याला काय सांगितलं. दुसऱ्या भागात सांगणाऱ्याचं नाव असतं. नवरा, शेजारीण, सासू, कोण बोललं आणि काय बोललं, हे तिथेच कळेल. हे दाखले केसबुकात (असायलमच्या रुग्णनोंदवहीत) उतरवून घेत, की त्यांची वेगळी फाईल असे?

कोल्नी हॅचची कागदपत्रं लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्जमध्ये आहेत (आता नाव 'द लंडन आर्काइव्ह्ज'). रुग्णांचे कागद साधारण शंभर वर्षं बंद ठेवतात. १९०७ चं केसबुक खुलं असायला हवं. पण ती चोवीस वर्षं आत होती, म्हणजे तिच्या नोंदी पुढच्या जिल्दींत सरकत गेल्या असणार, आणि एखाद्या जिल्दीत शेवटची नोंद १९३० ची असेल तर अख्खी जिल्दच बंद. अशा वेळी वारसाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला तर तेवढीच पानं काढून देतात का? डेटा प्रोटेक्शनचा कायदा हयात माणसांपुरताच आहे, तरी वैद्यकीय गोपनीयता आडवी येते असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष अर्ज केला आहे का? त्यात काय लिहिलं होतं?

आणखी एक. गरीब रुग्णांचा खर्च त्यांच्या भागातल्या बोर्ड ऑफ गार्डियन्सवर (गरिबांच्या मदतीचं स्थानिक मंडळ) पडे. बोर्डाच्या कागदांत नवऱ्याकडून काही वसुली झाल्याची नोंद निघाली, तर तो निदान पैसे भरत होता का, एवढं तरी कळेल. ते कागद नावाने शोधता येतात की तारखेनुसार पानं उलटत बसावं लागतं?

रुग्णांनी लिहिलेली आणि डॉक्टरांनी न धाडलेली पत्रं काही असायलमांच्या केसबुकांत चिकटवलेली सापडतात. एडिंबराच्या संग्रहात तर ढिगाने आहेत. लंडनच्या केसबुकांत कुणाला अशी पत्रं दिसली आहेत का? बाकी सगळे कागद तिच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले. तिच्या हातची एक ओळ मिळाली तरी चालेल.

सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना १९३१ ची नोंद दाखवली आहे, भरतीचं अजून सांगितलेलं नाही. दाखला हाती आला की सगळं एकदमच सांगेन म्हणते. कुणाला घरच्यांशी असं बोलायची वेळ आली असेल तर तेही लिहा, इथे नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.