वॉरंटीतल्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, कंपनी म्हणते दोष तुमचाच : पैसे भरावेत की भांडावे?

प्रश्न : हिशेबनीस, सांगली

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील काही हळद अडत्यांचे हिशेब लिहितो. जीएसटीची विवरणपत्रे महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आत भरायची असतात, आणि हळदीचे सौदे सुरू झाले की रोजच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, त्याच दिवशी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवाव्या लागतात. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला की माझे काम पूर्ण थांबते. जून 2024 मध्ये मी शहरातील एका दुकानातून 61,500 रुपयांना एका नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप घेतला. मूळच्या एका वर्षावर वेगळे पैसे भरून दोन वर्षांची वाढीव वॉरंटीही घेतली, म्हणजे ती जून 2027 पर्यंत चालू आहे.

मार्च 2025 मध्ये लॅपटॉप चार्ज होणे बंद झाले. अधिकृत सेवा केंद्र कोल्हापूरला असल्याने एसटीने तिकडे नेऊन दिला. मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले गेले आणि ऐन मार्चअखेरीस यंत्र 26 दिवस तिथे पडून राहिले. परत मिळाल्यावर सुरू केले तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे लॅपटॉपमधील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी कळ (की) मागितली गेली. असे होऊ शकते हे कोणीही आधी सांगितले नव्हते. ती कळ माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून निभावले, नाहीतर वर्षभराच्या वह्या गेल्याच होत्या.

आताची तक्रार वेगळी आहे. गेल्या महिन्यात एके सकाळी झाकण उघडताना डावीकडे ‘कट्’ असा आवाज झाला आणि पडद्याची चौकट मागच्या कवचापासून सुटून फट पडली. चार दिवसांनी टेबलावर एक पितळी नट पडलेला दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या भोवती काळ्या प्लास्टिकची तुटकी कड अजून चिकटलेली. तो मी हळदीच्या नमुन्याच्या पुडीत जपून ठेवला आहे. लॅपटॉप माझ्या हातून कधीही पडलेला नाही. तरीही केंद्रातील मुलाने दोन मिनिटे पाहून जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ असे लिहिले, आणि खाली ‘कीबोर्डवर पिवळे डाग’ अशी नोंद केली, जणू हळदीच्या डागांमुळे बिजागरी तुटते. दुरुस्तीसाठी 11,200 रुपये आणि त्यावर जीएसटी असा अंदाज दिला. वॉरंटीत का बसत नाही याचे कारण लेखी मागितले, तर ‘तसे मेल येत नसते’ एवढेच उत्तर मिळाले.

माझे प्रश्न दोन. बिजागरी न पडता, न आपटता तुटू शकते का, आणि तसे असेल तर ते सिद्ध कसे करावे? दुसरे, या रकमेसाठी ग्राहक आयोगाकडे जाणे एकट्या माणसाला झेपण्यासारखे आहे का?

उत्तर 1 : दुरुस्तीवाला, विश्रामबाग

तुटू शकते, आणि तुमच्या पुडीतील तो नट हाच त्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तो कोणाच्याही हाती देऊ नका.

बिजागरी धातूची असते, पण ती ज्यात बसवलेली असते ते झाकण कमी किमतीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्लास्टिकचे असते. त्या प्लास्टिकमध्ये लहान खांब ओतलेले असतात, खांबात गरम करून पितळी नट दाबलेला असतो, आणि बिजागरीचा स्क्रू त्या नटात फिरतो. पडदा कुठल्याही कोनात थांबावा म्हणून बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवतात. वापरता वापरता ती आणखी जड झाली, किंवा कारखान्यातूनच जास्त आवळलेली आली, तर दर वेळी झाकण उघडताना तो सगळा जोर त्या तीन-चार खांबांवर पडतो. रोज दहा वेळा उघडझाप धरली तर दोन वर्षांत सात हजारांच्या वर हेलकावे होतात. प्लास्टिक थकते, खांब बुडातून सुटतो, आणि नट आपल्या भोवतीच्या प्लास्टिकसकट बाहेर येतो. आपटलेल्या लॅपटॉपमध्ये असे दिसत नाही. तिथे बाहेरच्या कोपऱ्यावर ठेचल्याची खूण असते आणि तडा बाहेरून आत गेलेला असतो. तुमच्या यंत्राचे कोपरे स्वच्छ असतील तर भरपूर उजेडात चारही कोपऱ्यांचे, सुटलेल्या फटीचे आणि नटाचे जवळून फोटो काढा. नटाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. आता झाकण उघडझाप करणे पूर्ण बंद करा. पडद्याची केबल याच बिजागरीच्या कडेने जाते. सुटलेली बिजागरी ती केबल कुरतडते, मग पडद्यावर रेघा येतात, आणि आज झाकणापुरता असलेला खर्च पडद्यावर जातो. एका कोनात उघडा ठेवून मागे पाटासारखा आधार द्या, किंवा जुना मॉनिटर जोडून काम करा.

माझ्याकडे अशी यंत्रे नेहमी येतात. इपॉक्सी भरून, प्रसंगी आरपार स्क्रू घालून मी ती बसवून देतो, आणि खर्च कंपनीच्या अंदाजाच्या पाव हिश्शातही होतो. तरीही तुम्हाला मी आज ते करू नका असेच सांगेन. बाहेर खोललेले यंत्र दाखवले की कंपनीला नकाराचे दुसरे कारण मिळते आणि तुटलेल्या खांबांचा पुरावाही इपॉक्सीखाली गाडला जातो. आधी वाद मिटवा, मग हवे तर या.

पिवळ्या डागांबद्दल एवढेच, की हळदीची पूड पंख्यात बसते आणि यंत्र तापते. म्हणून मार्केट यार्डातील माणसाने वर्षातून दोनदा पंखा साफ करून घ्यावा हे खरे. बिजागरीशी तिचा काही संबंध नाही.

उत्तर 2 : निवृत्त कारकून, मिरज

मी स्वतः एका फ्रिजसाठी सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलो होतो आणि वकील न देता माझी बाजू मीच मांडली, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यातील कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो वा गुरुग्रामला, तुम्हाला सांगली सोडावी लागत नाही. वस्तूसाठी भरलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. कायद्याने 3 महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, आणि ते मनाशी धरूनच उतरावे. माझ्या बाबतीत तारखांचा मनस्ताप होता, पण घरच्या फ्रिजसाठी गावातल्या गावात जाता येत होते हे मोठे बळ होते. जानेवारी 2025 पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. तक्रारीत निर्माता, सेवा केंद्र आणि दुकानदार या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पण त्याआधी दोन पायऱ्या आहेत. पहिली, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात जॉबशीटचा क्रमांक, तारखा, फोटो द्या, आणि ‘नुकसान माझ्यामुळे झाले या निष्कर्षाचा तांत्रिक आधार 15 दिवसांत लेखी कळवावा’ एवढी एकच मागणी ठेवा. फोनवर दिलेले उत्तर कुठेच राहत नाही. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतूनही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते, पण सेवा केंद्राच्या काउंटरवर न मिळणारा माणूस अनेकदा तिथून फोन करतो.

आता तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला खटकते. लॅपटॉपचे बिल कोणाच्या नावावर आहे?

उत्तर 3 : तासगाव रोड

वरील सर्व योग्य आहे, तरी माझा अनुभव उलटा आहे हेही नोंदवावेसे वाटते. माझ्या मुलीने वालचंद महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा आम्ही घरी येऊन दुरुस्त करणारी, म्हणजे ऑनसाइट वॉरंटी घेतली. किंमत थोडी जास्त पडली, पण कीबोर्ड बिघडल्यावर तिसऱ्या दिवशी अभियंता सुटा भाग घेऊन घरी आला. लॅपटॉप नजरेआड झाला नाही आणि माहितीही सुरक्षित राहिली. दुकानात तीन वर्षांची वॉरंटी म्हटले की आपण वर्षे मोजतो आणि यंत्र आपण न्यायचे की माणूस यायचा हे विचारायचे राहून जाते. सांगलीचा पिनकोड त्या सेवेत येतो का, हेही पैसे देण्याआधी कंपनीच्या क्रमांकावरून खात्री करून घ्यावे.

हिशेबनीस, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. कोपऱ्यांचे फोटो काढले, एकाही कोपऱ्यावर साधा चराही नाही. लॅपटॉप आता पाटाला टेकवून एकाच कोनात ठेवला आहे.

बिल माझ्या नावावर आहे, पण त्यावर माझा जीएसटी क्रमांक घातलेला आहे. मी त्याचे इनपुट क्रेडिट घेतले होते, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी माझ्या देय करातून वजा करून घेतला होता. त्यामुळे अडचण येईल का?

निवृत्त कारकून, मिरज

हाच मुद्दा कंपनीचा वकील सर्वांत आधी काढेल, म्हणून आत्ताच नीट समजून घ्या. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. मात्र कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे, की स्वतःच्या स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठीच वस्तू घेतली आणि वापरली असेल तर तो व्यापारी हेतू मानला जात नाही. तुम्ही एकटे काम करता, हाताखाली कारकून नाहीत, यंत्र तुम्हीच वापरता. हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट शब्दांत लिहा, कारण आयोग आधी हे पाहतो आणि बिजागरीकडे नंतर वळतो. इनपुट क्रेडिट घेतल्याचेही लपवू नका. ते पुढे उघड झाले तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

हिशेबनीस, सांगली

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. पत्राला उत्तर आले नाही. 1915 वर नोंद केल्यानंतर सहाव्या दिवशी कंपनीच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी फोटो मागवले, नटाचा फोटो पुन्हा जवळून पाठवायला सांगितला, आणि काल ई-मेल आला की झाकण आणि दोन्ही बिजागऱ्या विनामूल्य बदलून देण्यात येतील. मात्र सोबत एक मसुदा आहे. त्यात ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे झालेले नुकसान कंपनी केवळ सद्भावनेने दुरुस्त करत आहे व यापुढे या यंत्राबाबत ग्राहकाची कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे लिहून खाली माझी सही मागितली आहे. सौदे सुरू आहेत, यंत्र आज दुरुस्त होणे मला हवेच आहे. सही करावी का?

दुरुस्तीवाला, विश्रामबाग

दुरुस्तीचे म्हणाल तर ते नवीन झाकण देत आहेत हे उत्तम आहे. जुने झाकण परत मागून पाहा, देणार नाहीत, पण मागितल्याची नोंद राहील. नेण्याआधी सगळ्या वह्यांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि बिटलॉकरची कळ कागदावर लिहून घरी ठेवा. या वेळी मदरबोर्डला हात लागणार नाही असे वाटते, पण जोखीम घेऊ नका. परत घेताना काउंटरवरच झाकण दहा वेळा उघडून मिटून पाहा. दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागला पाहिजे.

निवृत्त कारकून, मिरज

तो मसुदा जसाच्या तसा सही करून देऊ नका. तुमच्या वॉरंटीचे वर्षाहून अधिक दिवस शिल्लक आहेत आणि त्या एका वाक्याने ते सगळे तुम्ही सोडून देता. ई-मेललाच उत्तर द्या, की दुरुस्तीचा प्रस्ताव मान्य आहे, परंतु नुकसान हाताळणीमुळे झाले हे मान्य नाही आणि उर्वरित वॉरंटीचे हक्क अबाधित आहेत. काउंटरवर कागद पुढे केलाच तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘हक्क राखून’ असे लिहा, तारीख घाला आणि मोबाइलने त्याचा फोटो घ्या. यंत्र द्यायला कोल्हापूरला कधी जाणार ते कळवा. मंगळवारी मला तिकडे काम आहे, हवे असेल तर मी सोबत येतो.